जरा टेकू का?

माझ्या फोनला रोग लागला तो परमरहस्यामुळे, असं म्हटलं तर पाप लागेल. पण सुरुवात तिथूनच झाली.

कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर माझं बेल-फूल-नारळाचं दुकान. विभूतीचे गोळे, रुद्राक्षाच्या माळा, थोड्या पोथ्याही ठेवते. कार्तिकी पौर्णिमेची यात्रा आठवड्यावर आली होती, तेव्हा लातूरकडच्या एक आजी आल्या. त्यांना मन्मथस्वामींची परमरहस्य ही पोथी हवी होती, पण मोठ्या अक्षरातली. माझ्याकडच्या प्रती बारीक टायपाच्या. आजी म्हणाल्या, "फोनमधी असतंय म्हणं की. बोटानं ताणलं की अक्षर मोठं होतंय." मला पटलं. लेकानं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला, त्याला तीनच महिने झाले होते. क्यूआरचे पैसे आले का बघायचं आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावायचा, एवढीच माझी विद्या. तरी आजींना म्हटलं, थांबा, बघते.

दुकान दरीत, तिथं इंटरनेटची रेंज नीट येत नाही. चढ चढून वर गेलं की येते. तिथं दगडावर बसून मी शोधलं, आणि एक पान उघडलं. पानावर पोथीचं नाव, खाली हिरवंगार बटण: डाऊनलोड. त्याखाली आणखी एक हिरवं, बाजूला निळं, वर लाल. सगळ्यांवर डाऊनलोडच लिहिलेलं. यात्रेत पाच पेढेवाले एकदम हाका मारतात आणि माणूस सगळ्यात मोठ्या पाटीकडे जातो, तशी मी मोठ्या बटणाकडे गेले. लगेच एक चौकट आली: तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अनुमती द्या' दाबा.

मी रोबोट नाही. दाबलं.

पोथी आली नाहीच. आजींना मी माझ्या घरची जुनी, जाड अक्षराची प्रत दिली आणि विषय संपला असं समजले.

दुसऱ्या दिवशी दरीतून वर आले आणि फोन थरथरायला लागला. 'तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस सापडले.' 'बॅटरी 62 टक्के खराब.' 'तुमचे फोटो डिलीट होणार.' मग एका बाईचा फोटो आला, तो कसा होता ते सांगत नाही. तो नेमका आला तेव्हा मी एका जंगम महाराजांना पैसे जमा झाल्याचं दाखवत होते. महाराजांनी आभाळाकडं बघितलं. मी फोन पदराखाली घेतला.

मला खरी भीती बँकेच्या खात्याची होती. दोन दिवस मी क्यूआरचा कागद उलटा करून ठेवला आणि सुट्ट्या पैशांवर भागवलं. मग एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्या पोरानं फोन हातात घेतला आणि डॉक्टरनं नाडी धरावी तसा चेहरा केला. "काकू, लई व्हायरस घुसलेत. क्लीनर टाकावा लागतो." शंभर रुपये घेऊन त्यानं एक अ‍ॅप टाकलं. त्याचं चित्रच झाडूचं. त्या झाडूला आधी माझे कॉन्टॅक्ट हवे होते, मग लोकेशन, मग मायक्रोफोन. झाडायला आलेल्या माणसाला घरातलं बोलणं कशाला ऐकायचंय, हे मनात आलं होतं. पण पोरगा भराभर 'हो, हो' दाबत होता, आणि शंभराची नोट त्याच्या गल्ल्यात गेली होती.

त्या दिवसापासून प्रत्येक फोन ठेवला की जाहिरात. आधी फक्त वर गेल्यावर त्रास होता, आता फोन लागला की झालंच.

यात्रेला पुण्याहून भाचा आला. तो कॉम्प्युटरवाल्यांत आहे. त्याच्यात आणि शेजारच्या पेढेवाल्या काकांत माझ्या फोनवरून जी जुंपली, तिच्यात मी दोघांना चहा देत बसले. काका म्हणाले, ही हेरगिरी आहे, पेगासस म्हणतात ते हेच. भाचा हसला. पेगासस सरकारांना विकलं जातं, ते मावशीच्या नारळामागं कोण लावील? काका हटले नाहीत. कोरेगाव भीमा प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाईली घातल्या, असं 2021 साली अमेरिकेतल्या आर्सेनल नावाच्या तपासणी कंपनीनं म्हटलं होतं, ते त्यांनी पेपरात वाचलं होतं. भाच्यानं ते मान्य केलं. वर त्यानंच भर घातली, की त्या अहवालातला नेटवायर हा प्रोग्राम काही गुप्त शस्त्र नव्हता, उघड विकत मिळायचा. आणि पेगाससवर सुप्रीम कोर्टाच्या समितीनं 29 फोन तपासले, पाचांत काहीतरी वाईट सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठाम सांगता आलं नाही.

मी म्हटलं, "कोर्टाच्या समितीला सांगता आलं नाही, आणि त्या पोराला दोन मिनिटांत लई व्हायरस दिसले?"

"मावशी, व्हायरस एकही नाही," भाचा म्हणाला. "ही व्हायरसची जाहिरात आहे."

तिथं मला पहिल्यांदा काही उमगलं. ते पान माझ्या फोनमध्ये घुसलंच नव्हतं. ब्राउझर प्रत्येक पानाला त्याच्या त्याच्या खोलीत कोंडून ठेवतो, खात्याच्या अ‍ॅपपर्यंत त्याचा हात पोचत नाही. पण सूचना पाठवू का, असं पानाला विचारता येतं, आणि आपण हो म्हटलं की ते बंद झाल्यावरही हाका मारत राहतं. घाबरवून एखादं अ‍ॅप घ्यायला लावायचं, एवढाच त्याचा धंदा. खरा धोका बाहेरून आलेली एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाईल, बसवली की असतो. लग्नपत्रिका म्हणून, दंडाची पावती म्हणून, पीएम किसानचा हप्ता म्हणून लोकांना अशा फाईली येतात. त्या बसवल्या तर मेसेजमधला ओटीपी वाचतात. तसं झालं तर 1930 या सायबर तक्रारीच्या नंबरला लगेच फोन लावायचा, हे त्यानं माझ्या उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं.

विचारून आत शिरायचं, असं यात्रेतही दरवर्षी होतं. कोणीतरी येतं, "काकू, जरा टेकू का?" आपण हो म्हणतो. तासाभरात त्याची टोपली, मग पथारी, मग पोरं, मग आपल्याच ओट्यावर त्याचा आरडाओरडा. चोर म्हणावं तर त्यानं विचारलं होतं. हेच मी बोलून दाखवलं. काका म्हणाले, मग झाडूवाल्या अ‍ॅपचं काय, त्यानंही विचारलंच की! भाच्याला पटकन उत्तर सुचलं नाही. मग तो म्हणाला, हे भांडण जुनं आहे. 2003 साली अमेरिकेत गेटर नावाच्या प्रोग्रामला लोक स्पायवेअर म्हणायला लागले, तर त्याची कंपनी कोर्टात गेली. आम्ही जाहिराती दाखवतो, हेर म्हणू नका, लोकांनी संमती दिलेली असते, असं तिचं म्हणणं. पुढं 2013 मध्ये तिकडच्याच व्यापार आयोगानं एका टॉर्चच्या अ‍ॅपला पकडलं. उजेड पाडायच्या नावाखाली ते माणसाचं ठिकाण जाहिरातवाल्यांना देत होतं.

काकांनी मग स्वतःचा फोन पुढं केला. त्यांच्याकडे पूर्वी खारीचं चित्र असलेला यूसी ब्राउझर होता, मराठी बातम्या झटकन यायच्या. सरकारनं 29 जून 2020 ला 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यात तो गेला. काकांना अजून त्याची हळहळ आहे. भाच्यानं सांगितलं, की 2015 मध्येच कॅनडातल्या सिटिझन लॅबनं दाखवून दिलं होतं, की तो ब्राउझर फोनची ओळख आणि आपण शोधलेले शब्द नीट झाकल्याशिवाय पाठवत होता. "पण चालायचा छान," काका म्हणाले. मग कुठला वापरू, असं मी विचारलं. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारी जोड लावता येते, फोनवरच्या क्रोममध्ये ती लागत नाही, म्हणून भाचा फायरफॉक्सच्या बाजूचा. मी क्रोमच ठेवला. पुन्हा नवं दार शिकायची ताकद नव्हती.

उपाय मात्र एवढासाच निघाला. व्हायरसची सूचना आली की ती पुसायची नाही, दाबून धरायची. खाली बारीक अक्षरात त्या साइटचं नाव दिसतं. तिथून सेटिंग्जमध्ये जाऊन सूचना बंद. झाडूचं चित्रही दाबून धरलं आणि काढून टाकलं. चहा निवायच्या आत फोन गप्प झाला. इतका गप्प, की मी चढावर जाऊन दोनदा लेकीला फोन लावून बघितला.

पौर्णिमा झाली, दिंड्या परतल्या. वर दगडावर बसून मी पुन्हा परमरहस्य शोधलं. आजी पुढच्या वर्षी येतील, त्यांना दाखवायला हवं. दुसरंच पान निघालं, आणि पुन्हा तीच चौकट: सूचना पाठवू का? मी 'ब्लॉक करा' दाबलं. दारात आलेल्याला पाणी न विचारता परत पाठवल्यासारखं वाटलं, आणि पान आता रुसून बंद होणार म्हणून मी वाट बघत बसले.

पान तसंच उघडं राहिलं. मी बोटानं ताणलं. अक्षर मोठं झालं.