विदर्भाचा कोच कोण, आणि आपल्या पोरींचा कोण?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर वाचा, आणि वाचली तर खाली भांडायला नक्की या.

गेल्या शनिवारी जटपुरा गेटजवळच्या आमच्या नेहमीच्या टपरीवर पावसात अडकलो. पाच-सहा जण होतो. विषय एकच, येत्या ऑक्टोबरात रणजीत विदर्भाचं काय होणार? करुण नायर परत कर्नाटकात गेला. २०२४-२५ च्या सीझनला ८६३ रन काढले होते गड्याने, फायनलच्या दुसऱ्या इनिंगमध्ये १३५. आता मधली फळी कोण सांभाळणार?

वेकोलितला आमचा मित्र म्हणाला, "बाहेरून मोठा माणूस आणल्याशिवाय आपलं जमत नाही भाऊ. चंद्रकांत पंडित आले, वसीम जाफर आला, तेव्हाच कप आला." खोटं नाही ते. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. पहिला कप मिळाला १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला, दिल्लीला ९ विकेटने हरवून. गुरबाणीची हॅटट्रिक त्याच मॅचमधली. पुढच्याच वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला ७८ रनांनी पाडलं. दोन्ही वेळा कोच पंडितच. पुढे ते मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही कप मिळवून दिला.

दुसरा तडकला. "मग २०२५ च्या मार्चचा कप कोणी आणला बे? उस्मान घनी काय मुंबईचा आहे?" तेही खरं. घनी आपलेच, विदर्भाकडून खेळलेले. त्यांच्या हाताखाली २०२४ ला फायनल गाठली, वानखेडेवर मुंबईकडून १६९ रनांनी हरलो. २०२५ ला सेमीफायनलमध्ये त्याच मुंबईला नागपुरात हरवलं, फायनलमध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या लीडवर तिसरा कप. त्या सीझनला हर्ष दुबेने ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका सीझनमधला रेकॉर्ड. यश राठोडने ९६० रन केले. फायनलला पहिल्या डावात १५३ मारणारा दानिश मालेवार त्याच्या पहिल्याच सीझनला होता. ही सगळी नागपूरच्या अकादमीच्या रांगेतून वर आलेली पोरं.

मीही तावातावाने बोलत होतो. माझं म्हणणं असं, की पंडित विरुद्ध घनी हे भांडणच चुकीचं आहे. जामठ्याला स्टेडियम झालं, अकादमी झाली, अंडर-१६ पासून पोरांना रोज कोणीतरी बघणारा मिळाला, म्हणून हे दिसून राहिलं. वरचा कोच बदलला तरी खालची रांग चालू आहे. करुण गेला तरी फार बिघडणार नाही.

तेवढ्यात चहावाल्याचा पोरगा, बी.ए.ला आहे, सहज म्हणाला, "काका, याच्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा कोण आहे?"

कोणालाच पटकन नाव सुचलं नाही. पाऊसही थांबला होता. उठलो.

आता जे लिहितो ते मला जरा जड जाऊन राहिलं.

मी कॉलेजात कबड्डी खेळलो. तेव्हा गोंडवाना विद्यापीठ नव्हतं, ते २०११ ला झालं. आम्ही नागपूर विद्यापीठाचे. आमचे सर सकाळी साडेपाचला मैदानावर हजर असायचे. उशीर झाला की पाच चकरा. स्पर्धेला लालपरीने जायचो, तेव्हा सर बसमध्येही पावलं समजावायचे: कॉर्नरने पाय कधी धरायचा, कव्हरने कधी आत यायचं. सर रिटायर झाले. ती जागा पुढे भरलीच नाही. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण अशी गोष्ट एकाच कॉलेजची नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या मुलींची टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडली. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा पेटली. कॅप्टन बदला. रेडर चुकीची. पुढच्या वर्षी टीमच पाठवू नका. आणि मी, शाळेत मास्तर असलेला माणूस, लिहून मोकळा झालो: "या पोरींना जिंकायचंच नाही. आमच्या वेळी असं नव्हतं." भराभर अंगठे आले.

उन्हाळ्यात चामोर्शी रोडला पहाटे फिरताना ती कॅप्टन दिसली. पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना ८०० मीटर धावणं असतं, १०० मीटर, गोळाफेक. गडचिरोलीत पहाटे रस्त्याने पळणारी जी पोट्टेपोट्टी दिसतात ना, त्यांतली बरीच याच्यासाठी पळतात. मी ओळख दिली. विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं?

ती म्हणाली, "सर, आम्ही मातीवर खेळतो. तिथे मॅट होती. शूज चौघींकडेच होते. बाकीच्यांचे पाय घसरून राहिले होते." मग थोडं थांबून, "आणि दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीला पॉइंट काढावाच लागतो, नाही तर रेडर आऊट, हे आम्हाला मॅचमध्ये कळलं. शिकवणारं कोण आहे? आम्ही मोबाइलवर प्रो कबड्डी बघून शिकलो. टीमच आठ दिवस आधी जमली."

तिने ग्रुपवरचा माझा मेसेज वाचला होता का, ते मी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

आता सांगा, टपरीवर मी नागपूरच्या पोरांबद्दल काय बोललो? रोज बघणारा मिळाला म्हणून घडले. आणि आमच्या पोरींना काय लिहिलं? जिंकायचंच नाही. एकाच तोंडाने.

पोरांत दम नाही असं कोणाला वाटत असेल तर २०१८ आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली दहा मुलं-मुली मिशन शौर्यसाठी निवडली होती. जिवतीकडच्या डोंगरात वाढलेली ही पोरं. मे महिन्यात त्यांतले पाच जण एव्हरेस्टच्या शिखरावर उभे राहिले. पाय त्यांचे आधीपासून तेच होते. फरक एवढाच पडला, की कोणीतरी त्यांना आधी महिनोन्‌महिने शिकवलं, बर्फाचा सराव करायला बाहेर नेलं, बूट दिले, पोटाला दिलं. मग ते सहज झालं असं नाही, पाच जण शिखरापर्यंत गेले नाहीत. पण निदान प्रयत्न न शिकवता करायला लावला नाही.

तेव्हा पुढच्या सीझनबद्दल माझं मत बदललं आहे. कॅप्टन कोण, हा प्रश्न नंतर. आधी हे विचारा: तुमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाची जागा भरलेली आहे की रिकामी? किती वर्षांपासून? विद्यार्थ्यांकडून दरवर्षी क्रीडा शुल्क घेतात, ते कुठे खर्च होतं? टीम स्पर्धेच्या आठ दिवस आधी जमते की जुलैत? सिरोंचाच्या पोरीला गडचिरोलीला खेळायला यायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास बस आहे. ती आदल्या दिवशी पोचून झोपते कुठे, खाते काय? माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला दहा रुपये लागतात. मी माझ्या कॉलेजपुरता टाकला आहे. उत्तर आलं की इथेच सांगीन.

तोवर रविवारी सकाळी सहाला मी मैदानावर जातो. दोन रविवार झाले. गुडघा साथ देत नाही, पण नियम समजावता येतात, पावलं दाखवता येतात. पहिल्या दिवशी पाच पोरी आल्या, दुसऱ्या दिवशी नऊ. जुनी कॅप्टन येत नाही, तिची भरती जवळ आली आहे. मॅट नाही, एका जुन्या मित्राने सहा जोड शूज दिले.

ग्रुपमधल्या ज्यांनी तेव्हा माझ्या मेसेजला अंगठा दिला होता, त्यांनी एखादा रविवार यावं. कव्हर खेळलेला कोणी असेल तर फारच बरं, मला कॉर्नरचंच येते.