फाइव्ह स्टारच्या शेजारची फुरसत

आमच्या भागात कुणी “पोरगा फाइव्ह स्टारला आहे” म्हणाले, तर तो हॉटेलात आहे असे समजू नये. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. सरकारी भाषेत पंचतारांकित म्हणजे रस्ते, पाणी, वीज अशा सोयी असलेले मोठे औद्योगिक क्षेत्र.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस कसबा सांगावला बहिणीकडे राहिले. कोल्हापूरहून महामार्गाने साधारण वीस किलोमीटरवर कागल लागते. तिथून हुपरीकडे वळले की आधी ऊस, मग कारखान्यांच्या शेड, मग पुन्हा ऊस. फाउंड्री आहेत, रेमंडचा सुती कापडाचा कारखाना आहे. पहाटेपासून कंपन्यांच्या बस आणि डबा अडकवलेल्या मोटारसायकली सुरू होतात.

मला वाटले होते, खेडे आहे, निवांतपणा असेल. तो आहेही. मशिदीबाहेर असरनंतर म्हातारी माणसे बसतात. पोरे मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळतात. दुपारी बायका ओट्यावर जमतात. हुपरी चांदीच्या दागिन्यांचे गाव. तिथले पैंजण जोडायचे काम आसपासच्या घरांत येते. गप्पा चालू असतात आणि हातही चालू असतात. ही फुरसत की मजुरी, हे मला चार दिवसांत ठरवता आले नाही.

पण बहिणीच्या घरात एक गोष्ट खटकली. मेहुणे पहिल्या पाळीला, मोठा मुलगा रात्रपाळीला, मुलगी कॉलेजला, सासूबाईंचे पथ्य वेगळे. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, “आपा, घरात पाच माणसं, पण दस्तरखान मी चार वेळा अंथरते. बाप-लेकाची भेट दारातच होते. एक गाडी लावतो, दुसरा काढतो.”

यात तक्रार नव्हती. या पगारांवरच घराला स्लॅब पडला, मुलीची फी भरली गेली. पूर्वी अशा कामासाठी पोरे पुण्या-मुंबईला जायची. आता रोज घरी येतात, ही अल्लाहची मेहरबानीच. तरीही घरी येणे वेगळे आणि घरात असणे वेगळे.

कागलात गैबी पीरांचा उरूस भरतो. कुणी त्यांना गहिनीनाथ म्हणते, कुणी गैबी पीर. गर्दी सगळ्यांचीच असते. बहीण म्हणाली, “उरसाला सगळे रजा काढतात. एरवी का नाही जमत?” हा प्रश्न मी रात्री जेवताना मेहुण्यांपुढे ठेवला. आरोग्य आणि फुरसत या दोन नेमतींच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, या आशयाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. वर्गात मी ती मुलांना सांगते, वेळ वाया घालवू नका म्हणून. त्या रात्री तिचा दुसरा अर्थ कळला. ज्यांच्यासोबत वेळ घालवायचा, त्यांना तो न मिळणे हाही तोटाच.

मेहुणे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. असरची नमाज झाल्यावर त्यांनी मुलाला उठवले, सासूबाईंना रिक्षात बसवले आणि आम्ही सगळे दूधगंगेच्या काठी गेलो. सोबत चिरमुरे, भडंग, थर्मासमध्ये चहा. चहा मेहुण्यांनी केला होता. साखर जास्त झाली होती. मुलगा आजीला कंपनीतल्या गमती सांगत होता. बाप शेजारी बसून ऐकत होता. त्यातल्या बऱ्याच त्यालाही नव्या होत्या.

मगरिबला परतलो. रात्री बहिणीने दस्तरखान एकदाच अंथरला. मुलगा त्यावरूनच उठून कामावर गेला. आठवड्यातून एकदा एवढे जमवायचे, असे त्यांनी ठरवले आहे. मी फोन केला की आधी तेच विचारते.