पाण्यात उभा, तरी तहानलेला

कराडहून कृष्णा पुढे वाळवा, सांगलीकडे वाहते. त्या काठच्या काळ्या रानांवर पांढरी मीठफुटी दिसते. माझ्या मामूंचं अर्धा एकर रान त्यातच गेलं. जमिनीत ओल कायम आणि ऊस मात्र पिवळा. गावात लोक म्हणायचे, नजर लागली.

मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. विरघळलेले क्षार ज्या बाजूला जास्त, तिकडे पाणी त्यातून सरकतं. एरवी ते पेशीत जास्त असतात, म्हणून पाणी आत येतं. पाटाने वारेमाप पाणी दिलं, निचरा नसला, की भूजल वर चढतं; उन्हाने पाणी उडतं, क्षार मुळांपाशी साचतात. मग पाण्याची ओढच उलटते. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तसंच. शिवाय आत शिरलेलं सोडियम बाहेर ढकलण्यात पेशीची ताकद संपते. वाढीला काय उरणार?

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, असं आपल्या घरांत सांगतात. तोच नियम उसाच्या सरीलाही लावायला हवा. मामूंनी आता उरलेल्या रानाला ठिबक केलंय आणि बांधाकडेने चर खोदलाय. पाणी देण्याइतकंच ते बाहेर काढणंही शेतकऱ्याचं काम आहे.