तेच झाड

गावठी गुलाबाची मान पहिल्यापासूनच कमजोर. फूल पुरतं उमललं की ते स्वतःच्याच भारानं खाली झुकतं. ऊन चढलं की पाकळ्या सैल पडतात आणि संध्याकाळी झाडाखाली फिकट गुलाबी सडा पडलेला असतो. फुलदाणीत तर ते एक दिवससुद्धा धड टिकत नाही. फुलबाजारात त्याला जागा मिळते ती हारवाल्यांच्या टोपल्यांत आणि सुट्या पाकळ्यांच्या ढिगात. प्रदर्शनात त्याला कुणी बाटलीत उभं करत नाही. तरीही गुलाब म्हटलं की मला आधी आठवतो तो हाच, आणि तो डोळ्यांना नव्हे, नाकाला आठवतो.

वाईला आजीच्या वाड्याच्या परसात, न्हाणीघराचं पाणी जिथून वाहत जायचं तिथे एक झुडूप होतं. त्याला मुद्दाम खतपाणी कुणी केल्याचं मला आठवत नाही. आजी देवपूजेला फुलं काढायची, जाता-येता वाळकी काटकी मोडायची, एवढीच त्याची निगा. चैत्र-वैशाखात मात्र आम्हा मुलांना उन्हं यायच्या आत उठवलं जायचं. दव असलेली फुलं नकोत, पण उन्हानं सुकलेलीही नकोत, असा तिचा दंडक होता. मग ती परातीत पाकळ्या पसरून एकेकीचा देठाकडचा पांढरा भाग नखानं खुडून टाकायची, कारण तो कडवट लागतो. काचेच्या बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक थर कुटलेल्या खडीसाखरेचा, असं गळ्यापर्यंत भरायचं, तोंडाला दादरा बांधायचा आणि बरणी गच्चीवर उन्हात. पहिल्या काही दिवसांत बरणी निम्मी व्हायची, पाकळ्यांचा रंग विटका तपकिरी व्हायचा आणि मला दरवर्षी वाटायचं की आता हे बिघडलं. आठवड्यामागून आठवडे गेले की त्याचा गडद, चकचकीत गुलकंद व्हायचा आणि दादरा सोडला की आख्ख्या माजघराला कळायचं.

वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे बदल्या आल्याच. सामान बांधायच्या आदल्या दिवशी ते वाईला जाऊन येत आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या घेऊन येत. नव्या क्वार्टरमध्ये आधी चूल मांडली जायची की आधी काड्या रोवल्या जायच्या, यावरून आईची आणि त्यांची नेहमीची कुरबुर. जगल्या तर जगल्या. बहुतेक ठिकाणी जगल्या.

नाशिकला आम्ही सर्वांत जास्त काळ राहिलो. तिथे घराभोवती मोकळी जागा होती आणि वडिलांना गुलाबांचं वेड लागलं ते तिथेच. ग्लॅडिएटर, क्वीन एलिझाबेथ, सुपरस्टार, क्रिमझन ग्लोरी अशी नावं घरात रोज कानावर पडू लागली. रोपवाटिकेतून एकेक कलम यायचं आणि त्याच्या खड्ड्यात शेणखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा हे सगळं वडील स्वतःच्या हातानं कालवायचे. छाटणीला मात्र ते एका द्राक्षबागेत काम करणाऱ्या म्हाताऱ्याला बोलवत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. नाशिककडे द्राक्षांची गोडी छाटणी आणि गुलाबाची छाटणी साधारण एकाच सुमारास, पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात येते. तेव्हा मामांना दिवसा बाग आणि सांजच्याला आमचे गुलाब.

मामांची कात्री चालताना बघणं हेच माझं शिक्षण. त्याआधी काही दिवस झाडांचं पाणी तोडलेलं असायचं. मामा झाडासमोर उकिडवे बसत आणि बराच वेळ नुसते बघत राहत. मग वाळलेली, मग आत घुसलेली, मग एकमेकींवर घासणारी फांदी काढत. राहिलेल्या चार-पाच जोमदार फांद्यांवर बोट फिरवून बाहेर तोंड केलेला डोळा शोधत आणि त्याच्या पाव इंच वर तिरपा काप घेत. “डोळा कुठं बघतोय ते बघ आधी, पोरी. आत बघणारा ठेवला तर फांद्या आतल्या आतच भांडत्यात.” कापावर बोर्डो पेस्टचा निळा ठिपका लावला की ती फांदी झाली. झाडाची पार काटक्यांची जुडी झालेली बघून मला रडू यायचं. पंधरवड्यात त्याच डोळ्यांतून लालसर, तकतकीत फुटवे निघायचे आणि डिसेंबर उजाडला की ती बाग बघायला शेजारपाजारचे यायचे.

डोळा भरायलाही मला मामांनीच शिकवलं. थंडी स्थिरावली की खुंटाची साल सुटी होते, तेव्हा हे काम करायचं. खुंट जंगली गुलाबाचा, पेन्सिलीएवढा जाड. जमिनीलगत त्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षराचा काप द्यायचा आणि चाकूच्या बोथट टोकानं सालीचे दोन्ही पदर अलगद उचलायचे. खालचं लाकूड ओलं, हिरवट पांढरं, बुळबुळीत दिसतं. हव्या त्या जातीच्या फांदीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढायचा, त्याला पानाच्या देठाचा तुकडा राहू द्यायचा. तोच धरायचा, डोळ्याच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. वरून खाली सरकवत तो सालीत बसवायचा आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं वरखाली घट्ट बांधायचं. दोनतीन आठवड्यांनी त्या देठाच्या तुकड्याला बोट लावायचं. नुसत्या स्पर्शानं तो गळून पडला तर डोळा बसला. काळा पडून चिकटून राहिला तर गेला. मी आजवर किती डोळे भरले असतील त्याचा हिशोब नाही, पण तो देठ गळताना बोटाला जे कळतं त्याची सवय मला अजून झालेली नाही.

एकदा डोळा बांधता बांधता मामा म्हणाले, की आपल्याकडची सगळी थॉमसन द्राक्षं मुळात एकाच वेलीची आहेत. बी लावलं तर वेगळं झाड उगवतं, आईबापासारखं असेलच असं नाही; काडी लावली की तीच वेल पुढे चालते. मी तेव्हा ते ऐकून सोडून दिलं. पुढे गुलाबांविषयी वाचत गेले तसा त्याचा अर्थ उलगडला. पीस नावाचा पिवळा, गुलाबी कडांचा गुलाब घ्या. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३५ मध्ये केलेल्या संकरातून मिळालेल्या एका बीचं ते रोप. महायुद्ध पेटायच्या सुमारास त्याच्या डोळ्यांच्या काड्या अमेरिकेसह काही देशांत पोचल्या आणि १९४५ मध्ये, युद्ध संपत असताना, त्याला शांततेचं नाव मिळालं. आज जगभर जितकी पीसची झाडं आहेत, ती सगळी त्या एका रोपाचेच तुकडे आहेत, हाताहातांतून आणि खुंटाखुंटांवरून जगत आलेले.

आणि आपला गावठी? बागाईतदार त्याला एडवर्ड म्हणतात. तो बूर्बाँ कुळातला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचं जुनं नाव बूर्बाँ. तिथे कुंपणाला लावलेल्या दमास्क आणि चिनी गुलाबांच्या संकरातून हे कूळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आलं. वास दमास्कचा आणि पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण चिनी गुलाबाचा. म्हणजे आजीच्या न्हाणीघरामागचं ते झुडूप समुद्रावरून आलेल्या घराण्यातलं होतं. ते वाईपर्यंत नेमकं कुणाच्या हातानं आलं ते सांगायला आता कुणी नाही. आजीला ते तिच्या सासूनं लावून दिलं होतं.

वाडा विकला गेला, पडला, तिथे इमारत उभी राहिली. परसातलं झुडूप कुणी उपटलं ते आम्हांला कळलंही नाही. त्या सुमारास माझ्या पुण्यातल्या घरी असलेलं त्याच्याच काडीचं झाड वाळवीनं खाल्लं होतं, त्यामुळे वाटलं, संपलं. पण सांगलीच्या आत्याकडे ते होतं. वडिलांनीच कधीतरी तिला काड्या नेऊन दिल्या होत्या. आत्यानं एसटीनं येताना पिशवीतून ओल्या फडक्यात बांधून चार काड्या आणल्या आणि त्यांतल्या दोन लागल्या. आमच्या घरात आजीचे दागिने वाटले गेले, भांडी वाटली गेली, आणि वाटून प्रत्येकाच्या वाट्याला कमी आलं. गुलाब मात्र वाटला गेला म्हणूनच उरला. गॅलरीतलं झाड हे आजीच्या झाडाचं मूल नाही, नातवंडही नाही. ते तेच झाड आहे, आजीनं ज्याची वाळकी काटकी मोडली तेच. हे समजलं तेव्हापासून मी कुणाला काडी नाकारत नाही.

पुण्यात आल्यावर जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन हा वडिलांचा आणि माझा नेमच झाला. रांगेनं बाटल्यांत उभे केलेले ते हायब्रिड टी गुलाब बघण्यासारखेच असतात: ताठ दांडा, मधोमध उंच उठलेली कळी, पाकळ्यांचे नेमके वळलेले काठ. बेंजामिन पिअरी पाल यांनी भारतात तयार केलेल्या जाती वडील आवर्जून शोधत. गव्हावर आयुष्यभर काम केलेला, भारतीय कृषी संशोधन परिषदेचा पहिला महासंचालक झालेला माणूस गुलाबांवरही तितक्याच निष्ठेनं काम करतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. पण प्रदर्शनातून बाहेर पडताना ते हमखास म्हणायचे, “किती फुलांना वास होता गं?”

हा प्रश्न मला दिवसेंदिवस खरा वाटत गेला. मावळात, तळेगावच्या आसपास पॉलिहाउसमध्ये पिकणारे गुलाब फेब्रुवारीत विमानानं परदेशी जातात. त्या शेतकऱ्यांची मेहनत मोठी आहे आणि फूल देखणं आहे. शीतगृहातून निघून दूरच्या देशातल्या फुलदाणीत आठवडाभर उभं राहणं ही काही साधी गोष्ट नाही. पण टिकाऊपणा, दांडा आणि रंग यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली तसा वास मागे राहिला. फ्रेंच संशोधकांनी २०१५ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. पापा मेयाँ हा घमघमणारा काळपट लाल गुलाब आणि जवळजवळ बिनवासाचा रूज मेयाँ यांची त्यांनी तुलना केली, तेव्हा पाकळ्यांत जिरॅनिऑल तयार होण्याच्या वाटेवरचं एक विकर सापडलं. वासाच्या गुलाबात ते भरपूर काम करतं, बिनवासाच्यात जवळजवळ नाहीच. गेलेला वास परत आणता येईल, अशी आशा त्यामुळे वाटते. तोवर रोपवाटिकेत गेलात तर आधी फुलाला नाक लावा. डबल डिलाइट घ्या, पापा मेयाँ घ्या, क्रिमझन ग्लोरी कुठे मिळालाच तर सोडू नका.

शेवटच्या वर्षांत काचबिंदूनं वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली. तरी सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून ते झाडं ओळखत बसत. काट्यावरून अंगठा फिरवत. गुलाबाचा काटा लिंबासारखा लाकडातून येत नाही, तो सालीचाच उंचवटा. म्हणून बाजूनं दाबला की टक्कन निघतो. कुठल्या जातीचा काटा आखूड आणि खाली वळलेला, कुठल्याचा सरळ आणि लांब, हे त्यांना पाठ होतं. लहानपणी त्यांनी मला दाखवलेली एक गंमत ते आता बोटांनी करून बघत. कळीखालची पाच हिरवी निदलं एकेक करून चाचपायची: दोघांच्या दोन्ही कडांना झालर असते, दोघांच्या एकाही कडेला नसते, आणि पाचव्याच्या एकाच कडेला. कळी मिटलेली असताना जी कड वर उघडी राहते तिलाच झालर फुटते, दुसऱ्याखाली दबलेली कड साधी राहते. पाच भावांच्या दाढ्यांचं हे कोडं युरोपात फार जुनं आहे. वडील पाचव्या भावाशी येऊन थांबत आणि मान डोलावत.

गॅलरीतल्या गुलाबाचं वर्ष सरळ नसतं. पावसाळ्यात काळे ठिपके पडून पानं पिवळी होतात. ती झाडावरचीही काढायची आणि कुंडीतलीही वेचायची, नाहीतर पुढच्या पावसाच्या थेंबांबरोबर रोग वर उडतो. पाणी सकाळी, बुंध्याशी. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करतात. पाण्याच्या फवाऱ्यानं तो बराच आवरतो आणि ढालकिडे आले तर उरलेला तेच संपवतात, म्हणून मी औषधाची घाई करत नाही. एप्रिलात पानांच्या मागे लाल कोळी जाळी धरतो, तेव्हा पानं खालून धुवायची. खुंटाचा फुटवा मात्र दिसला की लगेच, मुळाशी उकरून, ओढूनच काढावा. नुसता कापला तर दुप्पट जोमानं येतो आणि वरची जात उपाशी मरते. पानांच्या कडेला कंपासनं काढावेत तसे गोल तुकडे कापलेले दिसले तर काहीही करू नये. एक एकटी राहणारी मधमाशी ते आपल्या पिल्लांच्या खोलीच्या भिंतींसाठी घेऊन जाते. तिनं न्यावेत, झाडाला पानं पुष्कळ आहेत.

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली मुलगी काडी मागायला आली. तिला मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार-चार डोळ्यांच्या काड्या दिल्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि वरचा तिरपा. निम्मी काडी मातीत, कुंडी सावलीत, माती ओलसर पण चिखल नको, आणि मुळं फुटली का ते बघायला उपटायची नाही. एक लागली. पहिली कळी खुडून टाक म्हणजे झाड अंग धरेल, असं सांगितलंय. तिच्या गॅलरीत ऊन पश्चिमेचं आहे, त्यामुळे एप्रिल लागला की कुंडी भिंतीच्या आडोशाला ओढायला तिला आठवण करावी लागेल.