‘पर्यंत’ची भानगड

४ ऑगस्ट, येलदरी

एमपीएससीच्या पोरांचा तास. संयुक्त मुख्य परीक्षेला इंग्रजी असतं, म्हणून काळाचे शब्द काढलेत. पहिलं वाक्य दिलं: येलदरी धरण १९६८ पासून उभं आहे. सगळ्यांनी ‘सिन्स’ लावलं. बरोबर. दुसरं: मी दोन वर्षांपासून तयारी करतोय. पुन्हा ‘सिन्स’! आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, इंग्रजीत चालत नाही. साल, तारीख, वार असं सुरुवातीचं ठिकाण सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. शिवाय आपल्या ‘करतोय’ला तिकडे ‘हॅव बीन’ लागतं. ‘आय ॲम प्रिपेअरिंग सिन्स टू इयर्स’ मुलाखतीच्या सरावात तर रोज कानावर येतं.

६ ऑगस्ट

पूर्णेला पाणी वाढलंय. दुपारी गावात निरोप फिरला, सहापर्यंत पाणी सोडणार. संध्याकाळी एका मुलीनं विचारलं, “सर, सहाच्या आत दरवाजे उघडणार, का सहाला बंद करणार?” नदीकाठी ज्याची मोटार आहे त्याला हा फरक कळायलाच हवा. पहिल्या अर्थाला ‘बाय’, दुसऱ्याला ‘अनटिल’. मराठीत हे काम बहुतेक क्रियापद करतं: पाचपर्यंत पोचतो, पाचपर्यंत थांबतो. पोचणं एकदाच होतं, थांबणं चालू राहतं. पण ‘सोडणे’ दोन्हीकडचं. दरवाजा एकदा उघडतो, पाणी वाहतच राहतं. मी पुस्तक मिटलं आणि तासभर याच वाक्यावर काढला.

७ ऑगस्ट

पाऊस. लाइट नाही, तास नाही.

९ ऑगस्ट

‘दोन दिवसांत येतो’ला पोरं ‘इन टू डेज’ म्हणतात. ऐकणारा दोन दिवस उलटल्यावर वाट बघेल. दोन दिवसांच्या आत म्हणायचं तर ‘विदिन’.

इंग्रजीही काही धुतल्या तांदळाची नाही. ‘बायवीकली’चे शब्दकोशात दोन अर्थ: आठवड्यातून दोनदा, आणि दोन आठवड्यांतून एकदा. ऐकून पोरं खूश. “मग आपला परवा बरा की, सर. गेलेला का येणारा ते क्रियापदावरून तरी कळतं.” मुद्दा बिनतोड होता.

उद्या ‘अगो’ आणि ‘बिफोर’. जिंतूरची गाडी दहा मिनिटांपूर्वी गेली, हे आत्तापासून मागे मोजलेलं. मी फाट्यावर पोचलो त्याच्या दहा मिनिटं आधीच गेली होती, तिथे ‘बिफोर’. गाडी चुकणं इथं सगळ्यांच्याच ओळखीचं, वेगळा दाखला शोधायला नको.