वरचा अर्धा इंच

इंजिन उघडल्यावर पिस्टनच्या रिंग कोणत्या घालायच्या, हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर सुटत असल्याचे भासते, परंतु मुळात तो सिलिंडरच्या भिंतीविषयीचा प्रश्न असतो आणि त्यातही भिंतीच्या वरच्या अर्ध्या इंचाविषयीचा. लोखंडी बॅरलच्या जुन्या बुलेटचे, 70 मिलिमीटर व्यास आणि 90 मिलिमीटर धाव असलेले 346 घनसेंटीमीटरचे इंजिन घेतले, तर बॅरलची झीज सर्वाधिक आढळते ती वरच्या टोकाशी, जिथे पहिली कॉम्प्रेशन रिंग क्षणभर थांबून उलट फिरते. रिंग चालती असेपर्यंत तिच्या आणि भिंतीच्या मध्ये तेलाचा पापुद्रा टिकतो. ती थांबली की तो विरतो, आणि त्याच सुमारास पेटलेल्या वायूचा दाब खाचेतून रिंगच्या पाठीमागे शिरून तिला सर्वांत जोराने भिंतीवर रेटत असतो. बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवला की झिजेचा खळगा जातो, अडचण मात्र जात नाही, कारण होनिंग करताना, म्हणजे भिंत दगडांनी घासून घेताना, होन या अवजाराचे दगडही नेमके तिथेच थांबून माघारी वळतात.

होन फिरता फिरता वर-खाली जातो तेव्हा एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी, म्हणजे क्रॉसहॅच, उमटते. रेघांच्या खोबणीत तेल साठते आणि त्यांचे माथे झिजत झिजत रिंग बसते. रेघा फार उभ्या पडल्या तर तेल निथळून जाते, फार आडव्या पडल्या तर रिंग त्यांवरून अडखळते आणि गाडी तेल खाऊ लागते. रेघांमध्ये सुमारे 45 अंशांचा कोन हवा असेल, तर होन फिरवणारे ड्रिल मिनिटाला 200 फेरे घेत असताना या बोअरमध्ये दगड परिघावरून मिनिटाला 44 मीटर धावतो आणि हाताला त्याच मिनिटात 18 मीटरची वर-खाली चाल द्यावी लागते. एक खेप 13 सेंटीमीटरची धरली तर या 70 येरझाऱ्या होतात. प्रस्तुत लेखकाच्या खांद्याला ही चाल आता पेलत नाही. हात मंदावतो, ड्रिल मंदावत नाही, आणि त्यामुळे शेवटच्या खेपांतल्या रेघा, ज्या भिंतीवर कायम राहायच्या असतात, त्याच आडव्या होतात. ड्रिलचे फेरे 120 वर आणले तर 42 येरझाऱ्यांत तोच कोन साधतो, हे गणित ठाऊक असूनही तो उपाय दीर्घकाळ टाळला गेला, कारण मंद केलेल्या ड्रिलचा आवाज शेजारच्या शेडमध्ये ओळखला गेला असता. हा शुद्ध तोरा होता.

फेरे कमी केल्यानेही वरचा अर्धा इंच सुटत नाही, कारण वळणावर हाताचा वेग शून्यच होतो आणि रेघ तिथे आडवी पडतेच. हे वळण बोअरच्या बाहेर नेण्यासाठी दगडाची साधारण एक तृतीयांश लांबी तोंडाबाहेर येऊ द्यावी लागते. त्याहून जास्त आली तर तोंड फाकते, कमी आली तर ते तंग राहते, आणि दोन्ही दोष बोटाला कळण्याआधी बोअर गेजला कळतात. शिवाय हेड आवळले की बॅरलचा आकार किंचित बदलतो आणि तोही वरच्याच भागात अधिक, म्हणून हेडच्या जागी मध्ये भोक असलेली जाड टॉर्क प्लेट आवळून होनिंग केले जाते. प्लेटचे भोक दगडाला वळायला जागा देते, हा तिचा दुसरा उपयोग कमी बोलला जातो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या, इंजिनाच्या कामावर वाढलेल्या वस्तीतही बॅरलमध्ये एमरी पेपर हाताने फिरवून, भिंत चकचकीत करून नवा रिंग सेट चढवणारे भेटतात, आणि ग्राहकही त्या चकाकीवर खूश असतो, ही गोष्ट चीड आणणारी आहे. गुळगुळीत भिंतीवर रिंग बसतच नाही. उलट टोकाला, अ‍ॅल्युमिनियमच्या बॅरलवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप आल्यापासून बोअर वाढवण्याची पद्धतच मागे पडली असून जुना बॅरल काढून नवा लावण्यालाच दुरुस्ती म्हटले जाते.

रिंगची निवड या वरच्या अर्ध्या इंचाशी येऊन ठरते. क्रोमचा मुलामा दिलेली रिंग टिकाऊ असते, पण ती भिंतीच्या चुका झिजवून घेत नाही. साधी ओतीव लोखंडाची रिंग लवकर झिजते, परंतु वरच्या आडव्या रेघांशी जुळवून घेते. क्रोम मागणाऱ्या ग्राहकाला साधी रिंग पुरते असे सांगणारा कारागीर पुष्कळदा ग्राहकाची बचत पाहत नसून आपल्याच भिंतीबद्दलची शंका झाकत असतो. रिंगच्या दोन टोकांमधली फट व्यासाच्या दर इंचाला 4 थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे या बोअरसाठी सुमारे 11 थाउ, ठेवण्याबद्दल फारसा वाद नाही. बॅरल धुण्याबद्दल मात्र व्हायला हवा, कारण दगडाची भुकटी नुसत्या पेट्रोलने निघत नाही. गरम साबणाच्या पाण्याने घासून, तेल लावलेले पांढरे फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत पुसावे लागते.

होन आता शिकाऊ कारागीर चालवतो आणि त्याच्या रेघा वरपर्यंत सरळ जातात. रिंग चढवण्याआधी वरच्या कडेवरून बोट फिरवून "अजून दोन हात मार" असे सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाने सोडलेला नाही, आणि त्या दोन हातांनी काही सुधारते असे बोअर गेजने अद्याप दाखवलेले नाही.