पाण्याची एसटी

बीड जिल्ह्यात प्रवास करतं ते पाणी. माणूस पाण्यावरून कुठं जात नाही. पाणी टँकरमधून डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवर जातं, हंड्यातून डोक्यावर चढतं, कालव्यातून पाळीपाळीनं माजलगावाकडं सरकतं, आणि एकदा तर ते चक्क रेल्वेत बसलं. मांजरा धरण आमच्या केज तालुक्यात, धनेगावला. लातूर शहराची तहान त्याच्यावर. २०१६च्या दुष्काळात धरणानं तळ दाखवला तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माणसांची रेल्वे बीड शहरात यायला मात्र १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. पाण्याचा मान मोठा, दुसरं काय!

कालवा हा शब्द आमच्या कानाला प्रवासाचा वाटत नाही, वाट पाहण्याचा वाटतो. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालून माजलगावच्या जलाशयाला मिळतो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या ज्या प्रकल्पातून तो निघाला, त्याला जायकवाडी हे नाव मिळालं ते बीड जिल्ह्यातल्या एका गावावरून. धरण आधी तिथं व्हायचं होतं. ते वर पैठणला गेलं आणि नाव तेवढं आमचं राहिलं. बीडकराच्या वाट्याला बऱ्याचदा असंच काहीतरी येतं.

माझे मामा या कालव्याच्या एका चारीवर, अगदी टेलला शेती करतात. टेलच्या शेतकऱ्याला पाण्याविषयी जेवढं कळतं तेवढं इंजिनिअरला कळत नाही. पाणी सुटल्याची बातमी कधी येते, ते वरच्या गावात कुठं अडतं, रात्री कोणाचं दार उघडं राहतं, पाटकऱ्याला कधी चहा पाजायचा आणि कधी त्याच्याशी भांडायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. दारं धरून पायांना भेगा पडलेला माणूस. त्यांना घेऊन मी केरळात अलप्पुळ्याला गेलो. बघू या, म्हटलं, इतकं पाणी एका जागी पाहून मामा काय म्हणतात.

अलप्पुळा हे कालव्यांचं शहर आहे. अठराव्या शतकात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी इथं बंदर वसवलं, आणि मिरी, नारळ, काथ्या आतल्या मुलखातून बंदरापर्यंत यावा म्हणून वेंबनाड सरोवरापासून शहरात कालवे खोदले गेले. मुख्य दोन कालवे एकमेकांना समांतर, मध्ये आडवे पूल, काठावर जुनी गोदामं. पाण्यावर जलपर्णीची साय. याला पूर्वेकडचं व्हेनिस म्हणायची पद्धत आहे. व्हेनिसला कोणी पश्चिमेकडचं अलप्पुळा म्हणत नाही, हे आपण चालवून घेतो.

बहुतेक पाहुणे इथं हाउसबोट घेतात. तिचं एका रात्रीचं भाडं ऐकून मामा म्हणाले, “एवढ्यात आपल्या हिरीवर नवी मोटार बसंल, भाच्या.” मग आम्ही एसटी स्टँडजवळच्या सरकारी बोटीच्या धक्क्यावर गेलो. केरळ सरकारचं एक जलवाहतूक खातं आहे. १९६८पासून ते बोटी चालवतं आणि त्याचं मुख्यालयच अलप्पुळ्यात आहे. धक्क्यावर वेळांचा फळा, तिकिटाची खिडकी, चहाची टपरी, बाकावर पेंगणारी म्हातारी. स्टँडवर जे जे असतं ते सगळं. मामा पंच्याहत्तरी ओलांडलेले, आपल्याकडं एसटीत फुकट फिरतात. त्यांनी खिशातून कार्ड काढून विचारलं, “हितं अमृतवालं चालतं का?” नाही चाललं. पण तिकीट इतकं स्वस्त होतं की त्यांचा राग फार टिकला नाही.

जुन्या धाटणीच्या त्या बोटीत सारंग पुढं चाकापाशी बसतो. इंजिनवाला मध्ये, धडधडाटात. त्याला पुढचं काही दिसत नाही. त्यामुळं सारंग दोरी ओढतो, घंटा वाजते, आणि त्या खुणेवर इंजिन मंद होतं, थांबतं, उलटं फिरतं. धक्का जवळ आला की खलाशी उडी मारून दोर खांबाला गुंडाळतो, माणसं उतरतात, चढतात, दोर सुटतो, पुन्हा घंटा. लाल डब्याच्या छताखालून ताणलेली कंडक्टरची दोरी ज्यानं आयुष्यभर पाहिली, एक टण् म्हणजे थांब आणि दोन टण् म्हणजे चल हे ज्याला झोपेतही कळतं, त्याला या बोटीत काही समजावून सांगावं लागत नाही. मामांनी दोन थांबे नीट पाहिले आणि निकाल दिला, “ही पाण्याची एसटी हाय.”

एसटीच ती. बोट सरळ जात नाही, शिवत जाते. एक थांबा या काठाला, पुढचा त्या काठाला. गणवेशातल्या मुली दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्या. एका बाईनं गॅसची टाकी चढवली, ती आडवी करून पायानं धरली. बँकेत किंवा कचेरीत असावा असा एक माणूस इस्त्रीच्या शर्टात पेपर वाचत होता. त्यानं अख्ख्या वाटेत एकदाही बाहेर पाहिलं नाही. बाहेर नारळ झुकले होते, खंड्या सूर मारत होता, आम्ही दोघं माना मोडेपर्यंत बघत होतो, आणि तो बाजारभाव वाचत होता! मला त्याचा हेवा वाटला. ज्या गाडीत माणूस निवांत पेपर वाचतो, तिच्यावर त्याचा पुरता भरवसा बसलेला असतो. बोट येणार की नाही, हा प्रश्न त्याच्या दिवसात नव्हताच.

शहर मागं पडलं आणि कुट्टनाड सुरू झालं. इथं मामा बाकावरून उठून कठड्याशी गेले. कालव्याच्या दोन्ही अंगांना मातीचे बांध, बांधावर एका रांगेत घरं, आणि घरांच्या मागं भाताची शेतं. शेतं कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली! कुट्टनाडची जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे. पेरणीआधी शेतात पाणी सोडायचं नसतं, पंप लावून ते उपसून कालव्यात टाकायचं असतं. शेजारच्या एका शिक्षकानं मोडक्या हिंदीत हे सांगितलं तेव्हा मामांना वाटलं, भाषेचा घोटाळा झाला. त्यांनी हातानं खूण करून पुन्हा विचारलं: कालव्यातून शेतात? शिक्षकानं उलटी खूण केली: शेतातून कालव्यात. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी ह्यांचं भांडण पाणी घालवण्यापायी.”

थोड्या वेळानं एक मोठी होडी समोरून आली. तिच्यात निळी पिंपं भरलेली. ते पिण्याचं पाणी होतं. कुट्टनाडात चहूकडं पाणी आहे, पण पिण्याजोगं थोडं. उन्हाळ्यात समुद्राचा खार आत शिरतो, शेतातली खतं-औषधं कालव्यात उतरतात, आणि मग घराघराला गोडं पाणी होडीनं पोचवावं लागतं. बीडचा टँकर कुट्टनाडात होडी होऊन भेटला, एवढंच. मामांनी त्या होडीकडं पाहून हात उंचावला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. होडीवाल्यानंही केला.

ज्या व्हेनिसचं नाव अलप्पुळ्याला चिकटलंय, तिथल्या बोटींनाही हाच दोर, हाच खांब. तिथं पहिली वाफेची सार्वजनिक बोट ग्रँड कॅनालवर १८८१ साली धावली आणि गोंडोला वल्हवणाऱ्यांनी लगेच संप केला. आपल्याकडं टांगेवाले आणि बस, मग रिक्षावाले आणि मोबाइलवरच्या टॅक्स्या, हे भांडण नवं नाही. तिथली एक नंबरची बोट आजही दोन्ही काठांना शिवत सावकाश जाते. दुसऱ्या एका मार्गावर सान मिकेले बेट लागतं. ते शहराचं कबरस्तान. तिथं उतरणारी माणसं हातात फुलं घेऊन येतात आणि परतीच्या बोटीत रिकाम्या हातानं बसतात. तिकिटाचा मात्र दुजाभाव आहे: पाहुण्याला ७५ मिनिटांचे साडेनऊ युरो, कार्डवाल्या रहिवाशाला त्याच्या मानानं किरकोळ. मला यात गैर काही दिसत नाही. बोट आधी तिथं राहणाऱ्यांची, मग बघ्यांची. गोव्याच्या फेरीबोटी तर याहून उदार. रायबंदरहून चोडण बेटावर पायी जाणाऱ्याला तिकीटच पडत नाही.

बीडला असं का नाही, हा प्रश्न विचारला की लोक हसतात. पाणीच नाही तर बोट कशी? निम्मं खरं आहे. आमचा कालवा आवर्तनापुरता वाहतो, एरवी त्यात शेवाळ आणि शेळ्या. वाटेत गेट, सायफन, जलसेतू. त्यात बोट घालायची तर आधी अक्कल बाजूला ठेवावी लागेल. पण कालवा म्हणजे केवळ भिजवण्याची सोय, हेही कोणी वेदात लिहिलेलं नाही. आमचा कालवा ज्या गोदावरीचा, तिच्यावरच, पार खाली धवळेश्वरमला, इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बंधारा घातला, आणि त्याचे कालवे सुरुवातीपासून दोन्हींसाठी आखले, भाताला पाणी आणि नावांना वाट. राजमहेंद्रीहून काकिनाड्याला, एलुरूला माल आणि माणसं त्या कालव्यांतून जात. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, असं तो इंग्रज आयुष्यभर सांगत राहिला. एकच नदी. वर तिच्या पाण्याचं मोजमाप होतं, खाली तिच्यावर नावा चालत होत्या.

वर कधी नावेचं अडलं नाही असंही नाही. गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाचा पाडाव केला. त्यात माधवराव आणि राघोबा यांचं शौर्य होतंच, पण गोदावरीचा पूरही होता. निजाम अलीची निम्मी फौज पैलतीरी पोचली होती, निम्मी दिवाण विठ्ठल सुंदराबरोबर अलीकडं राहिली होती. मधली नदी ओलांडून निजामाला दिवाणाच्या मदतीला येता आलं नाही आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. नदी ओलांडता न येणं काय असतं, हे त्या दिवशी एका राज्यकर्त्याला कळलं. गोदाकाठच्या गावांना ते दर पावसाळ्यात कळतं.

आणि धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांना बारा महिने. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गंगापूर तालुक्यात भिवधानोरा नावाचं गाव आहे. जायकवाडीचं पाणी तिथं वस्ती आणि शाळा यांच्या मध्ये येतं. २०२३ साली बातमी आली की तिथली मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातांनी पाणी मारत शाळेत जातात. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. जायकवाडीच्या ज्या नाथसागर जलाशयातून आमचा कालवा निघतो, त्याच पाण्यावर ही पोरं थर्माकोलवर बसली होती. पाणी असलं म्हणजे वाट होते असं नाही. त्यावर ठरल्या वेळी येणारी बोट लागते, तिला सारंग लागतो, त्याला पगार लागतो, आणि नफा होवो न होवो, ती सोडायचीच, असं म्हणणारं खातं लागतं. अलप्पुळ्यात आणि आपल्यात फरक पाण्याचा आहेच, पण त्याहून मोठा फरक त्या वेळांच्या फळ्याचा आहे.

नव्या बोटी खर्चिक असतात असं म्हणून विषय बंद करता येणार नाही. केरळात वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७पासून ‘आदित्य’ नावाची ७५ आसनांची बोट उन्हावर चालते. तिच्या छतावर सौर पट्ट्या आहेत, डिझेल लागत नाही. कोचीत २०२३च्या एप्रिलपासून विजेच्या बोटींची वॉटर मेट्रो सुरू झाली. आमच्याकडं कशाची टंचाई असेल ती असो, उन्हाची नाही.

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर पहिली एसटी सुटली. पुढं ‘गाव तिथे एसटी’ हे तिचं ब्रीद झालं, आणि जिथं चार माणसंही बसत नव्हती अशा वाड्यांवर ती तोट्यात का होईना, पण गेली. आता हेच ब्रीद पाण्यापाशी आल्यावर थांबू नये. नाथसागर, माजलगाव, उजनी, कोयना, जिथं जिथं धरणानं वस्ती आणि शाळा यांच्या मध्ये पाणी आणून ठेवलं आहे, तिथं सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, शाळेच्या आणि बाजाराच्या वेळा धरून, सरकारी बोट लावावी. पंचवीस माणसांची पुरे. प्रत्येकाला जॅकेट, पगारी सारंग, एसटीच्या दरानं तिकीट, मुलांना पास. पर्यटनाचा आराखडा, कारंजी, लेझर शो नंतर बघता येईल. आधी धक्क्यावर वेळांचा फळा लावा.